फहाहीलच्या पबात दादा

कुवेतला विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि तोंडात धूळच गेली. आकाश मळक्या चादरीसारखं. दादा मला घ्यायला आला होता आणि मी त्याला न्यायला. आई अंथरुणाला खिळलेली. तिचा एकच धोशा होता, अविनाशला घेऊन ये.

अकरा वर्षांपूर्वी आम्हीच त्याला इथं धाडलं. सांगलीत तो दारूत पार बुडाला होता. ‘त्या देशात दारूला बंदी आहे,’ असं मामा म्हणाले. एक्स-रे टेक्निशियनची नोकरी मिळाली, तसे आम्ही सुटलो.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी तो मला फहाहीलमधल्या त्याच्या नेहमीच्या जागी घेऊन गेला. बघते तर काय, आयरिश पब! काळपट लाकूड, हिरव्या काचा, पितळी नळांचा लांबलचक बार. मी दारातच थांबले. दादा हसला. नळ नुसते शोभेचे होते. ग्लासात आलं ते फेसाळ शईर (जवाचं बिनदारूचं पेय). जेवण मात्र अमेरिकन पद्धतीचं: चीजमध्ये लडबडलेली मॅकरोनी, तळलेलं चिकन, लोण्यात घोटलेला बटाटा. तिखटाच्या नावानं शंख. केरळचा वेटर हिंदीत सांगत होता, साहेब दर शुक्रवारी येतात, याच स्टुलावर बसतात, एकटेच.

मी आईचा विषय काढला. तो ग्लास फिरवत बसला.

“दोनदा तिकीट काढलं होतं मी,” तो म्हणाला. “अगं, इथं बारसमोर बसतो आणि शुद्धीत घरी जातो. तिथं गल्लीच्या तोंडालाच दारूचं दुकान. आईला प्यालेला दिसलो तर?”

“मी असेन ना बरोबर.”

“तेव्हाही होतीस की.”

मला राग आला, आणि मग लाज वाटली. मॅकरोनी गार होऊन घट्ट झाली होती. आम्ही दोघांनीही ती संपवली नाही.

चार दिवसांनी खजुराचा डबा घेऊन मी एकटीच परतले. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा त्या दुकानासमोर गर्दी होती. रोज तिथूनच जायचे मी. बंदी असलेला देश आम्ही शोधून काढला, पण दादानं परत कुठल्या वाटेनं यायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई माझ्या पाठीमागं दाराकडं बघत होती. रजा मिळाली नाही, असं सांगायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं ते खरंच.

“तो पीत नाही आता, आई. म्हणूनच आला नाही.”

आईनं दाराकडची नजर काढून घेतली. मग म्हणाली, “मग राहू दे त्याला तिथंच. दार लाव.”