कान्तोकूंचा जेवणाचा शॉट

पार्सलबरोबर येणाऱ्या चिली सॉसच्या पुड्या कुणी मुद्दाम जमवत नाही. त्या ड्रॉवरमध्ये साठत जातात आणि एक दिवस ड्रॉवरच उघडत नाही. आमच्या डायरेक्टरच्या किश्शांचं तसंच झालं. सिंगापुरात मी चित्रं काढायचो तो ॲनिमेशन स्टुडिओ बंद पडला, माणसं पांगली, मी पुण्याला परत आलो. इथे कुणाला सांगायला जावं, तर 'कार्टूनवाला जपानी म्हातारा' एवढं ऐकूनच लोक विषय बदलतात! आज तुम्ही सापडलात, आता ऐका.

डायरेक्टरला जपानीत कान्तोकू म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. सत्तरीचे, काटकुळे, सिंगापूरच्या उकाड्यातही डोक्यावर लोकरी टोपी. पोरवयात टोकियोत चित्रं काढायला बसले ते उठलेच नाहीत. टीव्हीसाठी जन्मभर एकमेकांना बदडणारे रोबोट काढले. तिकडचा स्टुडिओ बंद झाल्यावर सिंगापूरच्या एका कंपनीनं त्यांना एक शेवटची फिल्म करायला बोलावलं. बायको जपानातच राहिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जपानी. मध्ये शूलिंग, आमची तिथलीच कोऑर्डिनेटर. कान्तोकू पाच मिनिटं तावातावानं बोलायचे आणि ती सिंगापुरी शेपूट लावून भाषांतर करायची, "ही सेज नो, लाह." संपलं!

* * *

माझा पहिलाच आठवडा. शॉट साधा होता, एक आजोबा खुर्चीतून उठतात. मी फोन स्टँडला लावला, स्वतः उठतानाचा व्हिडिओ काढला आणि तो बघून चित्रं काढायला लागलो. सगळेच तसं करतात हो!

कान्तोकू आले. डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या फोनला घातली. मग काहीतरी बोलले. शूलिंगनं त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण भाषांतर केलं, "फोननं बघितलं. तू कधी बघणार?"

मग मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत खुर्चीतून ऊठबस करायला लावली. लाज वाटत होती आणि राग तर विचारू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या, की उठताना दोन्ही हात आपोआप गुडघ्यांवर गेले.

लांबून कान्तोकूंचा आवाज आला, "ओके!"

* * *

एका रविवारी त्यांना लिटिल इंडियात जेवायला नेलं. खरं सांगायचं तर रविवारी मला खोली खायला उठायची. मुक्ता, म्हणजे माझी बायको, शाळेतल्या नोकरीमुळे पुण्यात. मित्र म्हणावेत असे कुणी नाहीत. त्यांचंही तेच असावं, कारण विचारल्याबरोबर चप्पल घालून तयार!

रविवारी तिथे कामगारांची ही गर्दी असते. केळीच्या पानावर जेवण आलं, पण कान्तोकू जेवेनात. समोरच्या टेबलावर एक तमिळ माणूस भात कालवत होता, त्याच्या हाताकडे टक लावून बसले. मी म्हटलं, झालं, आता मारामारी होणार. त्या माणसानं मान वर न करताच आपल्या पानावरचा वडा उचलला, सरळ कान्तोकूंच्या पानावर ठेवला आणि मग भुवया चढवून त्यांच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याला परवडत नाही असं वाटलं असणार बिचाऱ्याला!

कान्तोकूंनी उठून कमरेत वाकून नमस्कार केला आणि वडा खाल्ला.

सोमवारी सगळ्या टीमला उभं करून सांगितलं, "त्यानं आधी वडा दिला, मग माझ्याकडे बघितलं. तुम्ही सगळे उलटं काढता."

* * *

फिल्ममध्ये एक लांबलचक शॉट होता. एक बाई स्वयंपाकघरात एकटी जेवते, बस. प्रोड्यूसरला तो कापायचा होता. मीटिंगमध्ये त्यानं विचारलं, "या शॉटमध्ये होतं काय?"

"बाई जेवते."

"मग?"

"जेवण संपतं."

"मग?"

"वाडगा धुते."

प्रोड्यूसरनं कपाळाला हात लावला. "अहो, हे बघणार कोण?"

"एक जण," कान्तोकू म्हणाले.

सगळे हसले. कान्तोकू हसले नाहीत. शेवटी ठरलं, की फिल्म सुपूर्द करायच्या तारखेच्या आत शॉट झाला तर राहील, नाहीतर कापायचा.

* * *

तो शॉट माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं, एकटं जेवण्यात आपला हात कोण धरणार! रोज तेच तर करत होतो. आठवडाभर जीव ओतून चित्रं काढली.

कान्तोकूंनी कागदांचा गठ्ठा बोटांत धरून फर्रकन उलटला. पुन्हा उलटला. विचारलं, "हिच्या समोर कोण बसलंय?"

"कुणी नाही. एकटीच आहे."

"मग घास तोंडाशी नेऊन थांबते कशाला? कुणाचं तरी ऐकतेय ही."

चोरी पकडली! मी रोज लॅपटॉपवर मुक्ताचा व्हिडिओ कॉल लावून जेवायचो ना! ती शाळेतलं काही सांगायची, मी घास हातात धरून ऐकायचो. कॉल कट झाला की ताट तसंच सरकवून द्यायचो. मला एकटं जेवता येतच नव्हतं, ते कागदावर कुठून येणार?

मी चिडून म्हणालो, "मग तुम्हीच काढून दाखवा!"

शूलिंगनं हे भाषांतर करायला नको होतं. केलं. कान्तोकूंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला येत नाही. माझी बायको जन्मभर एकटी जेवली, मी स्टुडिओत होतो. मी घरी असलो की ती एकटी नसायची. मी ते कधी बघितलंच नाही."

त्या दिवशी मी कॉल न लावता जेवलो. ताट संपता संपेना. पण दुसऱ्या दिवसापासून शॉट जमायला लागला.

* * *

शॉट तारखेच्या आत झाला. प्रोड्यूसरनं पास केला. स्टुडिओत फिल्म दाखवायची ठरली तेव्हा कान्तोकूंनी बायकोला टोकियोहून बोलावून घेतलं. ठेंगणी, नीटनेटकी बाई, दोन्ही हातांनी पर्स धरून पहिल्या रांगेत बसली. कान्तोकू पडद्याकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते.

शॉट आला. बाई टेबलाशी बसते, सावकाश जेवते, वाडगा धुते.

दिवे लागले. कान्तोकूंनी तिला काहीतरी विचारलं. तिनं हळूच उत्तर दिलं. शूलिंग माझ्या कानात म्हणाली, "त्या म्हणतात, छान आहे. पण एकटीसाठी टेबल कोण मांडतं? मी सिंकपाशी उभ्यानंच खायचे."

कान्तोकू प्रोड्यूसरकडे वळले. "रिटेक."

"उद्या फिल्म द्यायचीय!" प्रोड्यूसर किंचाळला. पण कान्तोकू तिला पॅन्ट्रीत घेऊनसुद्धा गेले होते. मागोमाग मी आणि शूलिंग. जेवणाची वेळ होतीच. चिकन राइसचं पार्सल पडलं होतं, त्यातला भात त्यांनी स्वतः वाडग्यात काढला, तिच्या हातात दिला आणि समोर स्टूल ओढून बसले.

ती वाडगा धरून नुसतीच उभी राहिली. मग काहीतरी म्हणाली.

शूलिंग भाषांतर करेना. मी कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाली, "त्या म्हणतात, तुम्ही समोर असताना कसं दाखवू? तुम्ही बाहेर जा."

कान्तोकू उठले. बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

बाईंनी सिंककडे तोंड केलं. मी पेन्सिल उचलली.