निसळ सरांना गावाने दिलेला निरोप

मार्तंड निसळ देवळाली प्रवरेच्या हायस्कुलात भूगोल शिकवत असत, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्यापुढे प्रश्नही भूगोलाचाच उभा राहिला: उरलेले आयुष्य पुण्यात काढायचे की मुंबईत. मुलगा धवल पुण्याला पुनावळ्यात राहत होता, मुलगी भार्गवी मुंबईला बोरिवलीत. दोघेही ‘आमच्याकडे या’ म्हणत, आणि दोघांचेही म्हणणे मनापासून होते. प्रत्येक गोष्टीत खोट काढण्याची सवय हाडीमाशी मुरलेल्या माणसाला हीच मोठी अडचण होती. देवळालीतच राहावे असा तिसरा पर्याय दमयंतीबाईंनी अगदी सुरुवातीला सांगितला होता. पण तो बायकोने सुचवलेला होता, शिवाय त्यासाठी कुठे जावे लागत नव्हते. सरांनी तो विचारातच घेतला नाही.

आधी ते पुण्याला जाऊन आले. धवलच्या सोसायटीत ज्येष्ठांचा एक कट्टा होता. तिथे एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने पहिल्याच संध्याकाळी विचारले, “निसळ म्हणजे नगरकडचे का?”

“हो. देवळाली प्रवरा.”

“तरीच.”

“तरीच म्हणजे?”

“काही नाही हो. बोलण्यावरून वाटलं.”

ज्यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांच्या मुलांच्या जिभेवरचा ‘न’ घासून त्याचा ‘ण’ केला, त्या सरांना हा शब्द रात्रभर टोचत राहिला. ते पुढे कट्ट्यावर गेले ते फक्त ऐकायला, आणि ऐकण्यासारखे तिथे काही नव्हते. पुण्याचा प्रत्येक माणूस पुणे पूर्वी कसे होते ते सांगत होता, आणि पूर्वीच्या त्या पुण्यात यांपैकी कोणीच राहत नव्हते. कोणी जळगावचा, कोणी सोलापूरचा. सोसायटीत पाणी टँकरने येई. ज्या धरणांची नावे सरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून घोकून घेतली होती, ती सगळी भरून वाहत असताना धवल मोबाईलवर टँकरवाल्याची आर्जवे करत असे. सून चांगली होती. ती रोज विचारी, “बाबा, कंटाळा नाही ना आला?” आणि उत्तर ऐकायला थांबत नसे, कारण तिला खरोखरच वेळ नव्हता.

मग ते मुंबईला गेले. तिथे पाणी होते, वीज होती, लिफ्ट कधी बंद पडत नव्हती, आणि त्या लिफ्टमधून रोज सकाळी सरांबरोबर खाली उतरणारा गृहस्थ परतीच्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे न पाहता उतरला. पुण्यात लोक गाव विचारत ते समोरचा पुण्याचा नाही एवढे पक्के करून घेण्यासाठी. मुंबईत कोणी विचारतच नसे. दोन्हींत अधिक अपमानकारक काय, याचा निवाडा सरांना करता येईना. शिवाय घर लेकीचे. मुलीच्या घरी राहू नये असे मानणाऱ्यांना त्यांनी वर्गात मागासलेले ठरवले होते; पण जावयाच्या घरात चहाचा दुसरा कप मागताना तेच मागासलेपण त्यांच्या घशाशी येऊन बसे, आणि ते तहान मारून पेपर वाचत राहत.

गावी परतल्यावर या दोन्ही शहरांची झडती छगनच्या सलूनमध्ये सुरू झाली. छगन दाढी सावकाश करी आणि त्याच्या बाकावर चार माणसे नेहमीच असत. सर खुर्चीत बसले की छगन वस्तरा थांबवून विचारी, “मंग सर, मुंबई फायनल समजायची का?”

“फायनल कशी? हवा दमट. माझ्या सांध्यांना सोसणार नाही.”

“मंग पुनं.”

“पुण्यात रस्ता ओलांडायचा तर मृत्युपत्र करून निघावं लागतं.”

“पन सर, मागल्या खेपंला तुमीच म्हनला, म्हाताऱ्या मानसाला पुनंच बरं.”

“हवेच्या दृष्टीनं म्हणालो होतो. माणसांच्या दृष्टीनं नाही.”

बाकावरून रंगनाथ नावाचा उसाचा बागायतदार म्हणाला, “सरांचं पोरगी बघायचं चाललंय. दोनी गावच्या बघितल्या, पोहे खाल्ले, अन् पसंत एक बी न्हाई.”

सगळे हसले. सरांनी कपाळाला आठी घातली, पण ती वरवरची होती. वर्गात त्यांचा आवाज मागच्या बाकांपर्यंत कधी पोचला नव्हता. इथे मात्र माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसत. ज्यांची पोरे पुण्यात ते पुण्याची बाजू घेत, ज्यांचे मेहुणे मुंबईत ते मुंबईची, आणि शेवटचा शब्द सरांचा असे. गावात राहणाऱ्या निवृत्त मास्तराला कोणी विचारत नाही. गावातून जाणाऱ्या मास्तराला प्रत्येक जण थांबवतो. ‘काय सर, कधी?’ या प्रश्नात जो मान होता तो पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना मिळाला नव्हता. म्हणून तुलना लांबत गेली. पावसाळा गेला, कारखान्याचा हंगाम सुरू झाला, उसाच्या ट्रॉल्या दारावरून जाऊ लागल्या, तरी सरांचे ठरत नव्हते.

खरे तर ते ठरले होते. एका दुपारी अंगणात पेरूच्या झाडाखाली खाट टाकून पडले असताना त्यांना स्वच्छ कळले, की आपल्याला कुठेच जायचे नाही. पुण्यात ते धवलचे वडील होते, मुंबईत भार्गवीचे. निसळ सर ते फक्त इथे होते. हे दमयंतीबाईंना सांगावे असे त्यांच्या मनात आले. पण सांगितले असते तर त्या ‘मी पहिल्यापासून हेच म्हणत होते’ असे म्हणाल्या असत्या, आणि छगनच्या बाकावर बोलायलाही काही उरले नसते. योग्य वेळी जाहीर करू, असे त्यांनी ठरवले. योग्य वेळ शोधणारी माणसे बहुधा अयोग्य वेळीच सापडतात.

एक दिवस श्रीमंत आला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता खताबियाण्यांच्या दुकानाचा मालक, आणि गावात काहीही घडवायचे तर पुढे असणारा. ओट्यावर बसून त्याने पाणी घेतले आणि म्हणाला, “सर, रविवारी मंगल कार्यालय घेतलंय. सत्कार ठेवलाय तुमचा.”

“कसला सत्कार?”

“निरोपाचा. तुमी गाव सोडून जानार अन् गावानं गप बसायचं, हे बरं दिसंल का? शंभरेक मान्सं तर आपल्या बॅचचीच व्हत्याल.”

दमयंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, “अहो, पण आपलं अजून कुठे ठरलंय?”

“काकू, पुनं का मुंबई ते सर बघत्याल,” श्रीमंत म्हणाला. “जायचं तर ठरलंच हाय ना.”

त्या क्षणी सरांना एकच वाक्य बोलायचे होते. ते त्यांच्या जिभेवर आलेही होते. पण शाळेने त्यांना निरोप दिला नव्हता. मुख्याध्यापकाच्या नेमणुकीत आपली सेवाज्येष्ठता डावलली म्हणून त्यांनी संस्थेविरुद्ध वरपर्यंत तक्रार केली होती, आणि त्याची परतफेड निवृत्तीच्या दिवशी झाली. इतर शिक्षकांना मिळालेली भाषणे, हार, मुलींनी म्हटलेले निरोपाचे गीत, यांतले काहीही झाले नाही. मुख्याध्यापक बाहेरगावी गेले होते. सरांनी नकाशांच्या कपाटाची किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि ते मधल्या सुट्टीत घरी आले. दमयंतीबाईंनी पुरणपोळी केली होती. ती त्यांनी खाल्ली नाही. तेव्हापासून त्यांच्या आत काहीतरी उपाशी राहिले होते.

सर श्रीमंतला म्हणाले, “मानपत्र कोण लिहितंय?”

दमयंतीबाई आत निघून गेल्या.

समारंभ उत्तम झाला. सरांना फेटा बांधला, शाल आणि नारळ दिला, चौकटीतले मानपत्र वाचून दाखवले. त्यात त्यांना ‘ज्ञानाचा अखंड झरा’ म्हटले होते. झरा आणि अखंड या शब्दांच्या जोडीबद्दल त्यांनी विद्यार्थ्याचे गुण कापले असते, पण त्या दिवशी कापले नाहीत. बाहेरगावी गेलेले ते मुख्याध्यापकही आले होते आणि त्यांनी सरांचा ‘स्पष्टवक्ते’ म्हणून गौरव केला. दमयंतीबाईंना साडी दिली. मग सर बोलायला उभे राहिले. आयुष्यातले सर्वांत चांगले भाषण त्यांनी त्या दिवशी केले. “पुणे मला पत्ता देईल,” ते म्हणाले, “मुंबई मला दरवाजा देईल; गाव मात्र मला दोन्हीकडे मिळणार नाही.” बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रंगनाथने नाक शिंकरले. खाली बसताना सरांच्या लक्षात आले की आपण खरे तेच बोललो, आणि ते बोलून गावातच राहण्याची सोय संपवून टाकली.

दुसऱ्या दिवशी ते छगनकडे गेले तेव्हा वस्तरा हवेत थांबला. “सर, तुमी?”

“का?”

“न्हाई, म्हनलं गेला आसाल.”

बाकावरच्या माणसांनी सरकून जागा दिली, पण कोणी काही विचारले नाही. पुणे आणि मुंबई यांबद्दल जे बोलायचे ते माइकवर बोलून झाले होते. वाचनालयाच्या समितीने अध्यक्षपदी सरांच्या जागी दुसरा माणूस नेमला, आणि त्यात काही डावपेच नव्हते. जाणाऱ्या माणसाला त्रास नको एवढाच विचार होता. दूधवाल्याने रतीब बंद करून दुसऱ्या घरी लावला आणि वर माफीही मागितली. घर भाड्याने देणार का, असे दोघांनी विचारले. पहिल्या आठवड्यात लोक ‘अजून हितंच?’ म्हणत हसत. पुढे ते हसू ओशाळले. लग्न लागून, पंगती उठून, मांडव उतरायला माणसे आली तरी जो पाहुणा बॅग भरत नाही, त्याच्याकडे यजमान जसा पाहतो तसे गाव सरांकडे पाहू लागले. यात कोणाचाच दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर सरांनी तक्रार केली असती. ते दाढी करायला शेजारच्या राहुरी फॅक्टरीला जाऊ लागले, तेही मागच्या बोळाने.

एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या दमयंतीबाई म्हणाल्या, “मी साडी देऊन आले.”

“कुणाला?”

“श्रीमंताच्या बायकोला. म्हटलं, बाई, आम्ही कुठे जात नाही, ही ठेव.”

सरांचा घास हातात राहिला. “काय म्हणाली?”

“हसली. चहा केला. म्हणाली, बरं झालं काकू, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्याशिवाय करमलं नसतं.” त्यांनी आमटी वाढली. “तुम्हीही शाल देऊन या. सांगा, विचार बदलला. चार दिवस हसतील.”

“मानपत्र कुणी परत करतं का?”

“मग मानपत्रासाठी कुणी गाव सोडतं का?”

सरांनी यावर पुष्कळ बोलून दाखवले. सार्वजनिक शब्दाची किंमत, शिक्षकाची प्रतिष्ठा, शंभर माणसांसमोर डोळे पुसून घेतल्यावर माघार घेणे म्हणजे त्या शंभरांची फसवणूक. सगळे मुद्दे बरोबर होते. खरा मुद्दा त्यांनी सांगितला नाही: ती चौकट भिंतीवरून काढली तर तिथे शाळेतला तो मधल्या सुट्टीचा दिवस पुन्हा येऊन बसणार होता.

“तू साडी द्यायला जाण्याआधी मला विचारायला हवं होतंस,” ते शेवटी म्हणाले.

“तुम्ही शाल घेताना मला विचारलं होतं का?” त्या म्हणाल्या. “तुमचा निरोप झालाय. माझा नाही. मी इथेच आहे.”

महिनाअखेर सर पुण्याला गेले, एकटे. लोकांना सांगितले की आधी जाऊन बस्तान बसवतो, मग हिला नेतो. श्रीमंतने आपल्या गाडीने त्यांना हायवेवरच्या स्टॉपपर्यंत सोडले आणि पाया पडला. एस.टी. सुटली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दुःख होते आणि सुटकाही होती; गावानेच त्यांच्या वतीने दिलेला शब्द सरांनी अखेर पाळला होता.

आता ते काही महिने पुण्यात असतात, काही मुंबईत. पुण्यात असले की मुंबईचे पाणी त्यांना आठवते, मुंबईत असले की पुण्याची हवा. कट्ट्यावर आणि लिफ्टमध्ये हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ते दमयंतीबाईंना फोन करतात. त्या फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडतात. मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू येतो. कधी मागे कोणीतरी “काकू, कढीपत्ता तोडू का?” असे विचारते आणि त्या फोन तसाच ठेवून उठतात. सर थांबून राहतात.

मागच्या आठवड्यात असेच त्यांनी पुनावळ्याच्या बाल्कनीतून सांगितले, की इथली माणसे संध्याकाळी कुठे बसत नाहीत, नुसती चालतात. देवळालीत या वेळी बाकांवर जागा मिळत नसेल.

“नसेल,” त्या म्हणाल्या. “छगन विचारत होता तुम्हाला.”

“काय?”

“सरांचं ठरलं का म्हणे.”

सरांना वाटले, आता ती ‘परत या’ म्हणेल. असे त्यांना रोजच वाटते. पण त्या एकदा म्हणाल्या होत्या, शाल देऊन या म्हणून, आणि एकदा सांगितलेले पुन्हा सांगण्याची त्यांना सवय नव्हती. पलीकडे मेथीची शेवटची काडी मोडल्याचा आवाज आला.

“बरं,” त्या म्हणाल्या, “तिकडे टँकर आला का आज?”

“आला,” सर म्हणाले.