माझ्या सहीचे सतरा टेस्ट रिपोर्ट

वीज कंपनीच्या सब-डिव्हिजनच्या नव्या इंजिनिअर मॅडमनी टेबलावर एकेक करून सतरा कागद मांडले. नावं वेगळी, गावं वेगळी, तारखा वेगळ्या. खाली सही मात्र एकच होती, माझी.

"या सतरा ठिकाणी तुम्ही स्वतः गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"गेल्याशिवाय सही कशी करीन, मॅडम?"

"मग सगळीकडे पन्नास मेगाओहमच कसे आले?"

त्या सतरांत मल्लिनाथ नावाच्या एका पोराचाही कागद होता आणि त्याला दसऱ्याच्या आत थ्री-फेज कनेक्शन हवं होतं. खरं सांगतो, त्या वेळी मला मल्लिनाथ आठवलासुद्धा नाही. मला फक्त माझं लायसन दिसत होतं.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. मुरूमच्या आसपासच्या गावांत तीस वर्षं हेच काम केलं. नवीन कनेक्शन मागितलं की वीज कंपनी आधी विचारते, आतलं वायरिंग कोणी तपासलं? ते तपासून लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं लिहून द्यायचं, तो टेस्ट रिपोर्ट. त्यासाठी मेगर नावाचं यंत्र असतं. त्याचा दांडा फिरवला की वायरमध्ये जास्त दाबाची वीज जाते आणि ती कुठं गळते का, ते काट्यावर दिसतं. आकडा मेगाओहममध्ये येतो. जितका मोठा, तितकं वायरिंग चांगलं.

हे झालं पुस्तकातलं. आमच्याकडची रीत वेगळी होती. ऑफिससमोर फॉर्म भरून देणारं एक झेरॉक्सचं दुकान आहे. महिन्याच्या सुरुवातीला मी कोऱ्या टेस्ट रिपोर्टांवर सह्या करायचो, शिक्के मारायचो आणि गठ्ठा त्या दुकानात ठेवून यायचो. मी एकटाच नव्हे, सगळेच कॉन्ट्रॅक्टर ठेवायचे. ग्राहक आला की दुकानदार नाव, गाव, लोड भरणार आणि मेगरच्या रकान्यात पन्नास लिहिणार. पन्नासच का, तर पहिल्यांदा कोणीतरी पन्नास लिहिलं होतं. ग्राहकाला माझ्यामागे फिरावं लागत नव्हतं, मला खेडोपाडी गाडी हाणावी लागत नव्हती, आणि ऑफिसला फाइल पुरी मिळत होती. आधीच्या साहेबांनी हेच कागद डोळे झाकून मंजूर केले. माझा मेगर घरी कपाटावर धूळ खात पडला होता. याला लबाडी म्हणतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मल्लिनाथ इथून जवळच्याच एका खेड्यातला. चाकणला एका कंपनीत अठरा वर्षं टर्नर होता. गावी वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवणं, बसवणं, धुणं-पुसणं सगळं त्याची बायको सुवर्णा एकटी करायची, आणि करून करून तिची कंबर गेली होती. हा एकुलता एक. तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून तो गावी आला. साठवलेल्या पैशातून एक जुनी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घेतली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. जवळच्या साखर कारखान्यात गाळपाच्या आधी दुरुस्त्या चालतात. तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी त्याला पिना आणि बुश असे यंत्रांचे सुटे भाग करायचं काम कबूल केलं होतं, पण दसऱ्याच्या आत लेथ चालू दिसली पाहिजे या अटीवर. लेथ चालली तर तो गावातच राहणार होता. नाहीतर रजा संपली की पुन्हा चाकण.

आपल्या घरात वीज येते ती सिंगल-फेज, म्हणजे एकच तार जिवंत. थ्री-फेजमध्ये तीन तारा जिवंत असतात आणि त्या पाळीपाळीनं जोर लावतात, म्हणून मोठी मोटर अडखळत नाही. मल्लिनाथच्या लेथची मोटर पाच एचपीची थ्री-फेज. घरच्या लाइनीवर ती नुसती घूं घूं करत बसली असती. गल्लीतल्या पोलवर तिन्ही तारा आधीच होत्या. नवा पोल नको, जास्त केबल नको. लाइनमननं बघून सांगितलं होतं, मंजुरी आली की दोन तासांचं काम.

तो माझ्याकडे आला तेव्हा वहीत वायरिंगचा नकाशा काढून घेऊन आला होता. प्रत्येक तारेला नंबर दिलेला. तो म्हणाला, "अण्णा, एकदा येऊन बगा. अर्थिंगचा खड्डा म्या सोता खांदलाय, मीठ-कोळसा सगळं मापात टाकलंय. तुमी मेगर लावून बगा."

मी म्हणालो, "अरे, समोरच्या दुकानात माझ्या सहीचा कागद आहे, भरून घे. मी यायची काही गरज नाही."

"न बगताच सही?"

कंपनीत राहून फार शहाणा झालास, असं म्हणून मी हसलो. तोही हसला, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यानं दोनदा फोन केला. मी तुळजापुरात होतो. नवरात्र जवळ आलं की तिथल्या लॉजवाल्यांना वायरिंगची आठवण होते, आणि त्या कामात मला उसंत नव्हती. शेवटी त्यानं दुकानातून कागद घेतला आणि फाइल लावली. त्याच महिन्यात या मॅडम बदलून आल्या. आल्या आल्या त्यांनी पडून असलेल्या फाइली स्वतः वाचल्या. असं आमच्या ऑफिसात पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

सतराही कनेक्शनं थांबली. प्रत्येक ठिकाणी मॅडमसमोर मी पुन्हा टेस्ट करायची, तोवर मंजुरी नाही. शिवाय मला नोटीस. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ माझ्या दारात उभा. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"अण्णा, माझ्या कामात काय खोट हाय का?"

"तुझ्यात नाही रे."

"मग माझी फाइल तेवढी सोडवा. दसऱ्याला बारा दिस ऱ्हायलेत."

त्याला घेऊनच मी ऑफिसात गेलो. मॅडमना म्हणालो की बाकीचं राहू द्या, या एका पोराचं काम सोडा, याचं वायरिंग एक नंबर आहे.

"तुम्ही बघितलंय?"

खोटं बोलायची सोय आता राहिली नव्हती. "नाही," मी म्हणालो.

"मग कशावरून सांगता?"

मल्लिनाथ माझ्या शेजारी उभा होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मॅडमचा मला तेव्हा भयंकर राग आला. आज वाटतं, त्या खोलीत स्वतःचं काम करणारं ते एकच माणूस होतं.

त्याच दिवशी कपाटावरचा मेगर काढून मी मॅडमपुढे उभा राहिलो असतो, चला म्हणालो असतो, तरी काम वेळेत झालं असतं. मी काय केलं? नोटीस मागे घ्यायला लावणारा कोणी ओळखीचा सापडतो का, ते शोधत फिरलो. ह्याला भेट, त्याचा फोन लाव, यात आठ दिवस गेले. मॅडम कोणाला बधल्या नाहीत. मुकाट्यानं माफी लिहून दिली तेव्हा नवरात्र सुरू झालं होतं आणि ऑफिसातला अर्धा स्टाफ तुळजापूरच्या ड्युटीवर गेला होता, मॅडमसुद्धा. दसरा उलटला. कारखान्यानं पिना आणि बुशचं काम दुसऱ्याला दिलं.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मॅडम आणि मी मल्लिनाथच्या शेडमध्ये गेलो. लेथ तेल लावून पुसून ठेवलेली. मी मेगर जोडला, दांडा फिरवला. काटा पन्नास ओलांडून, शेवटचा आकडाही ओलांडून टोकाला जाऊन टेकला. मॅडमनी स्वतः पुन्हा फिरवून पाहिलं. अर्थिंग तपासलं, तेही चोख. इतकं नीट काम इथं आल्यापासून बघितलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या आणि तिथंच त्यांनी सही केली.

मल्लिनाथ मेगरची वायर गुंडाळून माझ्या हातात देत म्हणाला, "अण्णा, हे महिन्यामागं केलं असतं तर काय गेलं असतं तुमचं?"

त्याची रजा संपली होती. दोन दिवसांनी तो चाकणला गेला. मीटर बसला तो त्यानंतर.

माझं म्हणाल तर काही बिघडलं नाही. लायसन शाबूत राहिलं. दुकानातला माझा गठ्ठा मी उचलून आणला आणि फाडला. आता मेगर घेऊन स्वतः जातो. त्यामुळे माझ्याकडे ग्राहक कमी येतात, कारण बाकीच्यांचे सही केलेले कागद त्या दुकानात अजून मिळतात. फक्त आता दुकानदार कुठं सत्तेचाळीस लिहितो, कुठं त्रेपन्न.

महिनाभरानं सुवर्णाचा फोन आला, जरा येऊन जा म्हणाली. गेलो तर दारात जीप उभी होती आणि शेजारचे चौघे जण म्हाताऱ्याला गादीसकट उचलून जीपमध्ये ठेवत होते. चाकणला एका खोलीची सोय झाली होती, पहिल्या मजल्यावर. म्हातारा घराकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं. लेथ गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं होतं.

"ह्या मीटरचं बिल येतच ऱ्हानार का?" सुवर्णानं विचारलं.

वापरा न वापरा, स्थिर आकार लागतोच, मी सांगितलं.

"मंग बंद करून टाका, अण्णा. तेवढं तरी करा."

कनेक्शन कायमचं बंद करायचा अर्ज मी माझ्या हातानं लिहिला, तिची सही घेतली. कारणाच्या रकान्यात ‘ग्राहक बाहेरगावी स्थायिक’ असं लिहिलं. खरं कारण लिहायलाही तिथं पुरेशी जागा होती. कनेक्शन बंद करायला टेस्ट रिपोर्ट लागत नाही. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.