यादीवर सही कोणाची?

माझ्या मुलीचं लग्न विरोधी पक्षामुळे मोडता मोडता राहिलं.

पक्षाला याची अजून कल्पना नाही. मी आणि माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, दोघंही दारव्ह्यातले त्या पक्षाचे जुने निष्ठावंत. पक्षाची सत्ता गेली, ते आम्ही सोसलं. पण विरोधात बसल्या बसल्या त्याचे तालुक्यात दोन गट पडले. एकात मी, दुसऱ्यात दादा. (आमच्या गटात अकरा जण होते. दादाच्या गटात नऊ, पण तो बारा सांगायचा.)

दिग्रसचे गुलाबराव बायको-मुलाला घेऊन यादीसाठी येणार होते. लग्नाची तारीख, वऱ्हाड किती, जेवण कोणाकडे, सगळं कागदावर उतरवायचं आणि खाली दोन्हीकडच्या कर्त्या माणसांनी सही करायची. त्या सहीशिवाय आमच्याकडे कोणी हळदसुद्धा भिजवत नाही. आदल्या दिवशी माझी मुलगी प्राची म्हणाली, "बाबा, मले हा पोरगा पसंत हाय. उद्या राजकारण नका काढू." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. दादाकडून माझ्या बायकोनं, शोभानं, देवासमोर वदवून घेतलं.

शब्द आम्ही पोहे संपेपर्यंत पाळला.

मग गुलाबराव सहज म्हणाले की दिग्रसपासून रस्ता पार उखडलाय, पण मुंबईत कोणाला त्याचं काय, तिथे आज कोण कोणाकडे गेला एवढीच बातमी. इथवर ठीक होतं. पुढे त्यांनी विचारलं, "सरकारचं सोडा. पन तुमचे विरोधवाले काहून गप बसून राह्यले?"

'तुमचे' म्हटल्यावर राहवतं का? मी अत्यंत शांतपणे सांगितलं की पक्ष रस्त्यावर उतरणारच होता, काही लोकांनी ऐनवेळी पाय ओढले. दादा भिंतीकडे पाहत म्हणाला की मोर्चाच्या बॅनरवर स्वतःचे फोटो लावणाऱ्यांनी हे बोलू नये. (फोटो माझाच होता. कोपऱ्यात, टिकलीएवढा!) मी मागच्या निवडणुकीपर्यंत गेलो, दादा तिच्याही मागच्या निवडणुकीपर्यंत. अर्ध्या तासात खड्डे, सोयाबीनचा भाव, सरकार, सगळं बाजूला पडलं आणि आम्ही एकमेकांच्या नेत्यांची उणीदुणी काढत बसलो. गुलाबराव चिवडा खात होते. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे, हे मागाहून कळलं. त्यांना आमच्याविरुद्ध एक शब्दही बोलावा लागला नाही.

यादी कशीबशी लिहून झाली. सहीसाठी थोरला म्हणून दादानं पेन उचललं आणि मुलीचा बाप म्हणून मी कागद ओढला. पेन त्याच्याकडे, कागद माझ्याकडे. तो म्हणाला, "वसंता, कागद दे." मी म्हणालो, "आधी पेन." शेवटी दादानं सभात्याग केला, म्हणजे पेनसकट ओसरीवर जाऊन बसला.

गुलाबराव उठले. "पोरगी आमाले पसंत हाय. पन तुमच्याकडून बोलाचं कोनाशी, थे ठरलं की सांगा," असं म्हणून चपला शोधू लागले. दाराआड प्राची रडत होती. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. घाईघाईनं मी समन्वय समिती सुचवली. ओसरीवरून दादानं ती तत्त्वतः मान्य केली, फक्त अध्यक्ष कोण एवढं विचारलं.

तेवढ्यात शोभा हात पुसत बाहेर आली. तिनं प्राचीच्या पर्समधलं पेन घेतलं, माझ्या हातातून कागद काढला आणि सही करून टाकली. "बसा भाऊ," ती गुलाबरावांना म्हणाली, "या दोघायच्या भरोशावर राह्यलं तर पोरगी म्हातारी होईन." गुलाबराव हसले आणि बसले. त्यांची बायको तर उठून शोभाच्या शेजारी जाऊन बसली. तारीख पक्की झाली.

सत्तांतर वगैरे काही झालं नाही. घरात सत्ता आधीपासून तिचीच होती. उलट कित्येक वर्षांनी मी आणि दादा एका मुद्द्यावर एकत्र आलो: आपल्याला विचारलं नाही! पाहुणे गेल्यावर दोघं मिळून निषेध नोंदवायला स्वयंपाकघरात गेलो. तिनं खरकट्या कपबशा दाखवल्या.

अशी विरोधकांची एकजूट आमच्या मोरीवर झाली. प्राचीचा मुलगा आता चालायला लागलाय. कप धुवायचे कोणी आणि पुसायचे कोणी, यावर दोन्ही गटांची चर्चा मात्र अजून चालू आहे.