लाभ म्हणून थांबणारा

अमरावतीच्या कापूसबाजारात चंद्रभान तोलारी होता. तागडीशी उभं राहायचं, पारडं भरलं की तोल पुकारायचा, हे त्याचं काम. पहिल्या तोलाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन, असं चढत जायचं. शेतकऱ्याला अक्षर येत नसे, पण कान होते. चंद्रभाननं पुकारलं तेवढंच खरं, असं तो मानायचा. दलालांच्या वह्यांना तेवढी पत नव्हती, आणि का नव्हती ते वऱ्हाडात कुणाला सांगायला नको.

सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि आमचा कापूस एकाएकी साऱ्या जगाचा लाडका झाला. दुपारी आटपणारं तोलणं दिवे लागून गेले तरी संपेना. चंद्रभान घरी येई, भाकर खाऊन आडवा होई, पण डोक्यातली तागडी हलतच राही. बारा, तेरा, चौदा. बायकोनं, सुभद्रानं, त्याचे तळपाय काशाच्या वाटीनं घासले. दुधात जायफळ उगाळून दिलं. उरलेलं दूध ती स्वतः प्याली, तिला झकास झोप लागली. हा पहाटेपर्यंत तीनशेवर गेला.

माघात एके सकाळी दर्यापूरकडच्या महादेवरावांची गाडी तागडीला लागली. अठरा तोल झाले. एकोणिसाव्याला चंद्रभानची पापणी मिटली आणि तोंडातून निघालं, "लाभ."

साऱ्यांच्या माना तागडीकडे वळल्या. मधेच लाभ म्हणजे मागचं सारं पुसलं.

"माहे अठरा कुठी गेले, चंद्रभान?" महादेवरावांनी हळूच विचारलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सगळा कापूस पुन्हा तोलावा लागला. दलाल खुशालराव चारचौघांत म्हणाला की पुन्हा असं झालं तर तागडीशी दुसरा माणूस उभा राहील. पोटाला काय, कुठंही हमाली मिळाली असती. पण वीस वर्षं जी जीभ खरी ठरली होती, ती खोटी पडणार होती.

त्या रात्री पुन्हा मोजणी सुरू झाली. शेवटी सुभद्रा उठून बसली.

"आवो, लाभ झाला ना?"

"झाला."

"मंग दोन कायले पायजे तुमाले?"

चंद्रभान भडकला. तोलाची रीत बाईला काय कळणार, म्हणाला. ती म्हणाली, गाडी गेली, बैल गोठ्यात, मग कोणाचा कापूस तोलून राहिले? आणि कूस बदलून झोपली.

राग उतरल्यावर त्याला तिचं म्हणणं पटलं. त्यानं मनात 'लाभ' म्हटलं, श्वास सोडला, पारडं रिकामं झालं असं धरलं. पुढचा तोलही लाभच. जीभ दोनाकडे पळे. कधी सातावर पोचल्यावर ध्यानात येई. पहिल्या रात्री तो स्वतःवरच चिडला आणि होती तीही झोप गेली. दुसऱ्या रात्री चिडणं सोडलं. नवखा हमाल चुकीच्या ढिगावर ओझं टाकतो, आपण उचलून जागेवर ठेवतो, तसं केलं. पुन्हा लाभ. तिसऱ्या रात्री किती लाभ झाले ते त्याला सांगता येईना, कारण सकाळी सुभद्रानंच त्याला हलवून उठवलं.

फाल्गुनात महादेवराव दुसरी गाडी घेऊन आले. जो तो कान टवकारून उभा. चंद्रभाननं त्रेचाळीस तोल सलग पुकारले, एकदाही अडखळला नाही.

"हा आवाज ओयखीचा हाय," महादेवराव म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

मुंबईतल्या कापसाच्या भावापायी खुशालरावाचीही झोप उडालीच होती. त्यानं चंद्रभानला बाजूला घेऊन औषध विचारलं. चंद्रभाननं सांगितलं. चार दिवसांनी दलाल कुरकुरत आला, की दोन म्हटल्याबिगर जिवाला चैनच पडत नाही.

"मालक, तुमचं दुखणं येगळं हाय," चंद्रभान म्हणाला.

त्याच दमात त्यानं बजावलं की दिवे लागले की मी तागडी उतरवणार, उरलेल्या गाड्या सकाळी. खुशालरावाचा तोल गेला, चंद्रभानचा नाही. दुसरा तोलारी आणून पाहावा तर शेतकरी जागचे हलेनात. गाडीखाली घोंगड्या अंथरून ते सकाळची वाट पाहू लागले, आणि तिकडे चंद्रभान घोरू लागला.