कोपऱ्यातली चूल

माझ्याच कामाची मला किळस येते. हे आजवर कोणाजवळ बोलले नाही.

आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरची अंगणवाडी माझ्या देखरेखीखाली होती. तिथली सेविका तांड्यातलीच सून. तिनं खिडकीखाली एक कोपरा केला होता: वीतभर मातीची चूल, करवंट्यांत सरकी, तुराट्यांची बैलगाडी. चार वर्षांची एक मुलगी अंगणवाडीत कधी चकार शब्द बोलली नव्हती. एक दिवस चुलीपाशी बसून तिनं मातीची चपटी चकती सेविकेपुढं धरली. म्हणाली, "याडी, बाटी." आई, भाकर. फोनवर मला हे सांगताना सेविका रडत होती.

आणि मी काय केलं? यवतमाळहून साहेब पाहणीला येणार, म्हणून आदल्या दिवशी तिथं गेले.

"हा कचरा काहून ठेवला? उचल."

"मॅडम, लेकरं तिथीच तं खेळून राह्यले."

"फोटोत काय चूल दाखवू? कपाटातली खेळणी काढ."

खेळणी निघाली, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. लेकरं खराब करतील म्हणून ती आल्यापासून कुलपात होती, तेही माझ्याच सांगण्यावरून. आता ती मांडली, पण लेकरांचा हात पुरणार नाही इतकी उंच. भिंतीवर सफरचंद आणि जहाज रंगवून घेतलं. त्या ऑइलपेंटचा वास अजून घशात बसलाय.

दुसऱ्या दिवशी साहेब फोटो काढत होते. तेवढ्यात ती मुलगी उकिरड्यावरून अर्धी फुटलेली चूल उचलून आत आली आणि जुन्या जागी ठेवायला वाकली. मी ती हिसकावली. हसत हसत, साहेबांसमोर. ती रडलीसुद्धा नाही.

साहेब गेल्यावर सेविका म्हणाली, "कोपरा लय झकास दिसून राह्यला, मॅडम. आता लेकरं कुठी ठेवू, कपाटात?"

तो फोटो मी सेविकांच्या प्रशिक्षणात 'मॉडेल कोपरा' म्हणून दाखवते. बाया वहीत उतरवून घेतात. मागच्या महिन्यातही दाखवला. त्या दिवसानंतर ती मुलगी अंगणवाडीत पुन्हा बोलली नाही, एवढं मात्र गिळून टाकते.

परवा तांड्यावर गेले होते. ती आता शाळेत जाते. पायरीवर एकटीच काहीतरी खेळत बसली होती. मला पाहिलं आणि हातात जे होतं ते तिनं पटकन पाठीमागं लपवलं.