रक्तातला चुना

माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई अड्याळच्या आसपासच्या सात-आठ गावांच्या दाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. सरकारी शिबिरात जाऊन त्या शिकून आल्या होत्या, तिथं मिळालेली ॲल्युमिनियमची पेटी त्यांच्या खाटेखाली असायची. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सकाळी बांधीच्या चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत, दुपारी हातपाय धुऊन कुणाच्या तरी घरी बाळंतपणाला जात आणि परत येऊन पुन्हा चिखलात उतरत. पन्नाशीला आल्या तरी त्यांना साधा तापही आलेला मी पाहिला नव्हता.

१९८३ च्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे धरले. चालता येत होतं, पण बाळंतिणीजवळ उकिडवं बसलं की उठवत नसे. आमच्याकडे तेव्हा डोमाजी सायकलवरून यायचे. भंडाऱ्याला एका डॉक्टरकडे त्यांनी पंधरा वर्षं कंपाउंडरकी केली होती. माणूस गोड बोलायचा, गरिबाकडे पैशाचा तगादा लावायचा नाही. त्यांनी आत्याबाईंना हाडांची सुई दिली. तेलकट, पिवळसर औषध. महिनाभरात गुडघे हलके झाले, की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे.

"बाई, आठवड्याले एक घेत चला," डोमाजी म्हणाले. "ताकदीची हाये. याचा काय बी तरास नाई."

सुयांबरोबर त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या. कुणीतरी सांगितलं, म्हणून आत्याबाई रोज सकाळी ताकात चुना कालवून प्यायला लागल्या. आधी गव्हाच्या दाण्याएवढा, मग बोराएवढा. दिवाळीपर्यंत त्यांनी अठरा सुया घेतल्या होत्या. घरात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. औषधच तर होतं.

दिवाळीनंतर त्यांना तहान लागायला लागली. मडकं दुपारपर्यंत रिकामं व्हायचं, मी भरायची, संध्याकाळी पुन्हा रिकामं. पाणी प्यायचं आणि परसात जायचं, हाच उद्योग. पोट चार-चार दिवस साफ होईना. भात शिजायला लागला की त्या वासानं तोंड फिरवायच्या. ब्लाउज अंगावर ढगळा झाला. माझा नवरा इश्वर म्हणाला, "मायले साखर झाली असन." मला मात्र त्यांच्या डोळ्यांकडे बघून धाकधूक व्हायची. समोर बसलेल्या असत, पण बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा.

मार्गशीर्षात शेजारच्या गावच्या शकुनबाईचे दिवस भरले. आत्याबाई मला हाताशी घेऊन गेल्या. बाळंतपण सुरळीत झालं, मुलगी झाली, मोठ्यानं रडली. आत्याबाईंनी ब्लेड हातात घेतलं आणि नाळेला लावलं. दोरा अजून पेटीतच होता. नाळ बांधलीच नव्हती.

मी त्यांचं मनगट धरलं. "आत्याबाई, दोरा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोरा म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी आठवत नव्हतं. शेकडो नाळा ज्यांनी कापल्या त्या बाईला! मीच दोरा काढला, दोन ठिकाणी गाठ मारली, आणि ब्लेडही मीच चालवलं. शकुनबाईला काही कळलं नाही.

परतताना आत्याबाई तलावाच्या पाळीवर बसल्या.

"बांधल्याबिगर कापली असती तर त्या लेकराचं रगत वाहून गेलं असतं," त्या म्हणाल्या. "मंदा, माझं डोकं मले दगा देऊन राहिलं. कोनाले सांगू नको."

मी सांगितलं नाही. हे माझं चुकलं. पुढं तीन बोलावणी आली, आत्याबाईंनी पायाचं निमित्त सांगून परत पाठवली.

पौष लागताच उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी त्यांनी मला "जने" अशी हाक मारली. जनाबाई त्यांची थोरली बहीण. बारा वर्षांपूर्वी तिचं तोंड सुजलं, लघवी बंद झाली आणि महिन्याभरात ती गेली. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आता तिचं नाव घरात ऐकून शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या, की बहीण न्यायला आली आहे. एकीनं तर लिंबू उतरवायला आणलं. मी शिकलेली, सातवी पास, तरी त्या दिवशी मला एकटीला परसात जायची भीती वाटली.

इश्वरनं भाड्यानं जीप आणली आणि आम्ही भंडाऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. दुसरा कागद बघून ते म्हणाले, "किडनीवर परिणाम दिसतो. आजच नागपूरला न्या."

दोन दिवस धड न बोललेल्या आत्याबाईंनी माझा हात घट्ट पकडला. "जनीवानी?" त्यांनी विचारलं. मी तो हात धरूनच त्यांना जीपमध्ये चढवलं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. चेहरा सुजलेला नव्हता, उलट जीभ कोरडी ठाक होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "घरी काय काय खातात? टॉनिक, जडीबुटी, इंजेक्शनं?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगत गेले. ताकातला चुना म्हटल्यावर त्यांनी लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. सुयांचा आकडा सांगितला तशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अठरा? ही ड जीवनसत्त्वाची सुई. माणसाला वर्षात दोनसुद्धा जास्त होतात."

संध्याकाळी रक्ताचा कागद आला. धडधाकट माणसाच्या रक्तात कॅल्शियम नऊ ते साडेदहा असतं, आत्याबाईंचं पंधरा होतं. किडनीचा आकडा एकच्या आसपास हवा, तो साडेतीन होता. डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. चांगल्या माणसाचं शरीर रक्तातलं कॅल्शियम मोजून-मापून ठेवतं, जास्त झालं तर किडनी बाहेर टाकते. पण या सुईनं आतडं कॅल्शियम ओढतच राहतं, हाडांतलंही सुटतं. मग किडनीला ते झेपत नाही. ती पाणी धरून ठेवायचं विसरते, माणूस आतून सुकतो, आणि शेवटी किडनीतच चुना बसायला लागतो.

"बऱ्या होतील ना?" मी विचारलं.

"लवकर आणलं असतं तर मी हो म्हणाले असते. आता बघू."

माझ्या डोळ्यांसमोर तलावाची पाळ आली. महिनाभर मी तोंड मिटून बसले होते.

सलाईन सुरू झालं, एकामागून एक बाटली. कॅल्शियम खाली आणायच्या गोळ्या सुरू झाल्या. दूध, दही, चुना, सगळं बंद. लघवी मापाच्या बाटलीत धरायची आणि आकडा कागदावर लिहायचा, हे काम माझं. बाजूच्या खाटेवरची बाई तिसऱ्या दिवशी गेली. तिलाही किडनीचंच होतं. तिला नेताना आत्याबाई जाग्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दिवसभर उघडले नाहीत.

सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मंदा, तू जेवली काय?"

आपल्या नावानं हाक ऐकून मी खाटेच्या दांडीला धरून रडले.

एकोणीस दिवसांनी घरी सोडलं तेव्हा कॅल्शियम अकरावर आलं होतं, किडनीचा आकडा दोनवर. सुईचं औषध अंगातल्या चरबीत महिनोन्‌महिने साठून राहतं, असं बजावून सांगितलं होतं. परतीच्या एस.टी.त आत्याबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. अड्याळ जवळ आलं तसं त्या एकदम म्हणाल्या, "डोमाजी सोता बी तेच टोचते. मी भेत होती तवा माझ्यासमोर घेतली होती त्यानं सुई. 'पाहा बाई, मी बी घेतो,' म्हने."

घरी न जाता आम्ही त्यांच्याकडे गेलो. डोमाजी ओसरीवर बसले होते. गालफडं बसलेली, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या.

"दिवसातून किती पानी पेता?" आत्याबाईंनी विचारलं.

"काहून? उन्हानं तहान लागते मानसाले."

"पौषात कोनतं ऊन?"

डोमाजी चिडले. "तुमाले त्या नागपूरच्या डॉक्टरनं भरवलं! वीस वर्षं मी लोकायची सेवा करून राहिलो..."

आतून त्यांची बायको आनंदाबाई बाहेर आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "रातभर उठत राहते हे. जेवन सुटलं. परवा सायकल कुठं ठेवली ते आठोलं नाई."

डोमाजींच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि खाली जे दिसलं ती भीतीच होती. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर मी तीच पाहिली होती. "बाई, मी कोनाचं वाईट कराले नाई गेलो," ते हळूच म्हणाले.

"ठाऊक हाये मले. म्हनून तर आली. उद्या नागपूरले चला."

डोमाजींचं कॅल्शियम उतरलं, पण एका किडनीत खडे झाले होते आणि आकडा अडीचच्या खाली कधी आला नाही. त्यांनी आठवून-आठवून सुया दिलेल्या माणसांची नावं सांगितली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. आणखी दोघांचं रक्त बिघडलेलं निघालं, त्यांचं वेळेत थांबलं. डोमाजींनी पुन्हा कुणाला सुई टोचली नाही. गावातल्या काहींनी त्यांना शिव्या दिल्या. आत्याबाईंनी दिल्या नाहीत, पण त्यांच्याशी पूर्वीसारख्या बोलल्याही नाहीत.

आत्याबाईंचं डोकं पुन्हा लख्ख झालं, तरी त्यांनी एकटीनं बाळंतपण केलं नाही. मला शिकवलं. नाळ कापताना त्या माझ्यामागं उभ्या राहून मोठ्यानं विचारायच्या, "दोरा बांधला? दोनी बाजूनं?" बाळंतिणी हसायच्या.

किडनीचा आकडा वर्षभरात आणखी उतरला, तरी दर सहा महिन्यांनी भंडाऱ्याला रक्त तपासायचं असे. आदल्या दिवसापासून त्या जेवत नसत. डॉक्टर म्हणत, जेवून आलात तरी चालतं, पण घास गिळवत नसे. कागद हातात आला की तो मला द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

"किती हाये?"

"एक पूर्णांक तीन."

"मागच्या बारीले?"

"तेवढंच होतं, आत्याबाई."

"परत वाच," त्या म्हणायच्या. १९८९ सालीही त्या असंच म्हणत होत्या, आणि मी परत वाचायची.